सर्जेराव स्टोअरकीपर

सात मॅचमध्ये दोन गोल,
त्यातला एक समोरच्यांचाच सेल्फ गोल.
मग फोरमनसाहेबांची बदली झाली दुकमला
आणि शिट्टी आली सर्जेराव अतिग्रेच्या गळ्यात.
सोहारच्या गोदामात नटबोल्ट मोजणारा,
कोल्हापूरच्या तालमीकडून खेळताना
गुडघा घालवून बसलेला माणूस.

पहिल्या शुक्रवारी त्यानं बॉल दिलाच नाही.
कॅम्पमागच्या खारट वाळूत
नुसतं चालायला लावलं आम्हाला
आणि मध्येच विचारायचा,
"शमसुद्दीन कुठाय? न बघता सांग."
कुणालाच सांगता येईना.
एका खोलीत आठजण झोपतो आम्ही.

"मागं दिला म्हंजे भ्यालास असं न्हाई.
मोकळा गडी बघ."

परवा, रिफायनरीच्या पिवळ्या उजेडात,
मी उजवीकडं न बघताच बॉल सरकवला
आणि शमसुद्दीन तिथं होता.

तीन मॅच, अकरा गोल.
खाल्ले बारा, ते सोडा.
सर्जेरावनं गोदामाच्या वहीत मागच्या पानावर लिहिलंय:
आवक अकरा, जावक बारा.
शिल्लकीचा रकाना
कोरा ठेवलाय.