लसावि

सूप मांडीवर, पानं ओल्या गोणपाटात,
आणि गुडघ्याखाली दाबलेली हारिकाची वही.
वहीत तिनं माझ्यासाठी इंग्रजी शब्द देवनागरीत उतरवलेत,
मोठे मोठे, पहिलीतल्या पोराला द्यावेत तसे.
मी विचारायचं, तिनं सांगायचं.
हात मोकळे नसतात, पण डोळे असतात;
विडी वळायला डोळे लागत नाहीत, एकवीस वर्षं झाली.

"अबंडंट."
"विपुल."
आता विपुल म्हणजे काय, तेही तिनंच सांगायचं.
"भरपूर, अम्मा. खूप."
मग मी मनातल्या मनात तेलुगूत म्हणते, चाला.
मराठीत तेच चालायला सांगतं.
असा एकेक शब्द तीन घरं फिरून येतो
आणि दमून माझ्या सुपात बसतो.

"फ्रुगल."
"काटकसरी."
हा लगेच कळला.
भिंतीपलीकडच्या राजमणीला हाक मारून सांगितलं,
आपण फ्रुगल आहोत गं.
ती म्हणाली, कोणत्या डॉक्टरनं सांगितलं?

नऊ वाजता शब्द मिटतात, गणितं उघडतात.
पत्रा अजून तापलेला. एप्रिलात सोलापूरची रात्र म्हणजे
दिवा मालवलेली दुपार.
'अ' एक काम बारा दिवसांत करतो, 'ब' अठरा दिवसांत.
दोघांनी मिळून केलं तर?
मी विचारते, 'ब' आजारी असतो का?
पाणी त्यालाच भरायचं असतं का? पोर अंगावर आहे का?
"पुस्तकात तसं नसतं, अम्मा."
सात पूर्णांक एक पंचमांश, ती लिहून मोकळी होते.
'ब'ला कुणी काही विचारत नाही.

पण टक्केवारी आली की मी तिला पेन उचलू देत नाही.
हजारात साठ गेल्या तर? सहा.
चाळीस कट्ट्यांतून रोज उठणारा हिशेब आहे तो,
चेकर त्याला छाट म्हणतो.
छाटलेल्या विड्या तोच ठेवून घेतो.
हे कुठल्या प्रकरणात येतं गं, नफ्याच्या की तोट्याच्या?
हारिका पेनाचं टोपण चावते.
"कुणाच्या बाजूनं सोडवलं त्यावर आहे," म्हणते.

मग लसावि.
दोन घंटा आहेत, एक पाच मिनिटांनी वाजते, एक सात...
घंटा सोड, मी म्हणते.
नळाला पाणी पाचव्या दिवशी,
कारखान्याला सुट्टी सातव्या दिवशी.
काल दोन्ही एकदम आलं, गोधड्या धुतल्या, आठवतं?
पुन्हा कधी?
"पस्तीस."
आणि परीक्षा?
ती कॅलेंडरवर बोट फिरवते. "तेहतिसाव्या दिवशी."
दोन दिवसांनी चुकली.
म्हणजे तुझा निळा ड्रेस तिसाव्या दिवसाच्या पाण्याला,
कामावर जायच्या आधी, पहाटे.
तीनदा धुवायचा, तंबाखूचा वास निघेपर्यंत.
वाळायची काळजी नाही.
इथं ऊन अबंडंट आहे.
ती इतकी हसली की दोरा माझ्या हातातून सुटला.

कट्टे बांधून झाले. झोपण्याआधी शेवटचे दहा शब्द.
"रिलक्टंट."
"अनिच्छुक. करायचं असतं, पण मन मागं ओढतं."
पास झाली तर पुण्याचं कॉलेज.
हॉस्टेलची फी तिनं वहीच्या शेवटच्या पानावर मांडलीय,
पेन्सिलनं, बाकी सगळं पेनानं असताना.
तिला वाटतं, मी ते पान पाहिलं नाही.

"रिलक्टंट."
"झाला की तो, अम्मा. ओळ चुकली तुझी."
हो, म्हणते, चुकली,
आणि तपकिरी बोटानं खालची ओळ धरते.