गहाळ

बिटको चौकातल्या रिक्षावाल्याला म्हणालो, पोस्टात सोड.
तो म्हणाला, काका, पोस्टात आता कोण जातं.
ज्याचं हरवलंय तो, असं काही बोललो नाही.
सुट्टे दिले.

खिडकी क्रमांक तीन. गांगुर्डे नावाची मुलगी,
स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या.
पावती पाहिली, संगणकात पाहिलं,
पुन्हा पावती.
"नाशिकरोडहून निघालंय, बावीस तारखेला.
पुढे कुठेच नोंद नाही."
म्हणजे?
"म्हणजे निघालंय, काका."

तक्रारीचा अर्ज.
पाठवणाऱ्याचं नाव: रेवणनाथ शिरोडे.
हुद्दा विचारला नव्हता, तरी लिहिला,
निवृत्त, सिक्युरिटी प्रेस.
एकतीस वर्षं मी तिकिटांना भोकं पाडली.
लोकांना वाटतं ती नक्षी आहे.
ती फाटण्याची सोय आहे.
आधी ओळीनं बारीक बारीक टोचून ठेवायचं,
मग कुणीही, कधीही,
अलगद वेगळं करावं.

घेणाऱ्याचं नाव: मुरलीधर शिरोडे, हिंगणघाट.
नातं विचारलं नव्हतं.

आतला मजकूर.
इथे पेन थांबलं.

मुली, आत एक तार होती.
सत्त्याऐंशी सालची.
नाना गेले त्या सकाळी तारघरात गेलो,
फॉर्म भरला, शब्दांचे पैसे मोजले,
नऊ शब्द, 'ताबडतोब' धरून.
रांग पुढे सरकत होती आणि मला एकेक आठवत होतं,
दवाखान्यातल्या चौदा रात्री,
न आलेली मनिऑर्डर,
'रजा मिळत नाही' एवढंच लिहिलेलं कार्ड.
माझा नंबर आला तेव्हा
मी रांगेत नव्हतो.

तो दहाव्याला आला, कुणाकडून तरी कळून,
थेट रामकुंडावर, चपला हातात.
कळवलं का नाहीस, एवढंच म्हणाला.
तार केली होती, मी म्हणालो. पोस्टानं हरवली.
प्रेसमधला माणूस सांगतोय म्हणून
सगळ्यांनी माना हलवल्या.
कावळासुद्धा लगेच शिवला.

माझ्यावर रागावला असता तर बरं होतं.
तो पोस्टावर रागावला.
पोरीच्या लग्नाच्या पत्रिका माणसाहाती पाठवल्या.
दर हिवाळ्यात संत्र्यांची पेटी
एसटीच्या कंडक्टरजवळ देतो,
पोस्टाचा भरवसा नाही म्हणतो.
सदतीस पेट्या खाल्ल्या आम्ही.
बिया मी बाल्कनीत थुंकतो,
एकही रुजली नाही.

फोनवर तीनदा सुरुवात केली.
तिन्ही वेळा
यंदा गोड आहेत, यावर आलो.
म्हणून पत्र. म्हणून रजिस्टर.
जीभ फिरवून पाकीट चिकटवलं,
वर माझ्याच प्रेसची तिकिटं,
भोकं मोजून पाहिली, जुनी सवय.

अर्जावर लिहिलं:
मजकूर, घरगुती. किंमत, निरंक.

तिनं शिक्का मारला. तारीख पुसट उठली,
पुन्हा मारला.
"चौकशी झाली की नियमानं शंभर रुपये मिळतील."
मग बाही ओठांशी नेत, हळू,
"सॉरी काका. चूक आमचीच आहे."

नाही हो, म्हणालो मी. नाही, नाही.
तिला वाटलं, म्हातारा मोठ्या मनाचा.

"पत्ता बरोबर होता ना? पिनकोड?"
हो, म्हणालो, जरा मोठ्यानंच.
जिना उतरताना आठवू लागलो
शेवटचा आकडा एक होता
की सात.

संध्याकाळी फोन. हिंगणघाट.
"पेटी पोचली का रे?"
पोचली. सगळी नीट. एकही दबलेलं नाही.
"बघ," तो म्हणाला,
"पोस्टानं टाकली असती तर."