हुदाची वही

ओहोटी लागली की मी जुव्यावर उतरतो.
खिशात पेन्सिल, काखेत खात्याची वही.
पाचवा रकाना: विष्ठा, ताजी किंवा जुनी.
चारचौघांत सांगू नये असली नोकरी,
पण बायकोनेच गावभर केलंय,
"आमचो घोव गू मोजूक जाता."

ताजी असली तर माशाच्या तेलाचा वास येतो.
उन्हात धरली की खवले चकाकतात,
मध्येच कुर्लीच्या नांगीचा लाल तुकडा.
बरे जेवलेत, म्हणतो मी,
आणि लिहितो.

बारा वर्षं याच पाण्यात मी रेती उपसली,
रात्री, दिवे मालवून.
पाइप तळाला टेकला की नदी वर यायची
म्हाताऱ्याने कढी ओरपावी तसा आवाज करत.
आम्ही हसायचो त्याला.
मग एका पावसाळ्यात पलीकडचे माड गेले,
उभेच्या उभे, मुळांसकट,
कुणी हाक मारली म्हणून निघावं तसे.
त्यांतले अकरा माझ्या सासऱ्याचे.

हा जुवा तेवढा मी राखला, असं हल्ली म्हणतात.
एकदा शालही मिळाली.
खरं सांगायचं तर त्या मोसमात
माझं इंजिन बसलं होतं,
मालवणात सुटा भाग मिळेना,
तो येईपर्यंत चार महिने गेले,
आणि तेवढ्यात कांदळाच्या मुळांत एक मादी व्याली.
पिल्लं पाण्याला भ्यायची.
मानगूट धरून आई एकेकाला आत ढकलायची.
हे मी बंद होडीत बसून पाहिलं, हातात पाना.

आवडू तांडेल येतो, जाळं पसरून दाखवतो,
"बघ, तुझ्या लाडक्यांचा काम."
हातभर भोक.
भरपाईचा अर्ज मीच लिहून देतो,
तो अंगठा उठवतो आणि शिव्या घालतो,
"माझ्यापेक्षा बरी मासळी खातत मेले."
"खाडी काय तुझ्या एकट्याच्या बापाशीची?"
"मगे तेंच्या बापाशीची आसा?"
यावर आम्ही दोघेही
जरा वेळ पाण्याकडे बघत बसतो.

परवा त्याच्या होडीत वाकलो तर
भोक तसंच.
कडेकडेने दोरा घालून पक्कं केलेलं,
सदऱ्याला काज करतात तसं,
वाढू नये म्हणून. बुजवलेलं नाही.

विचारलं नाही मी.
वहीत शेवटी शेऱ्याची जागा असते,
तिथे नुसता आकार काढून ठेवला,
एक हूद जाईल
एवढा.