अंगठा

होडीत मी आधी हेच शिकवतो:
खाली गेल्यावर तोंडात रबर, बोलणं बंद.
बोटांचं कडं केलं म्हणजे बरं आहे.
पंजा हलवला म्हणजे काहीतरी बिघडलंय.
आणि अंगठा दाखवला, तर वर.
अंगठा म्हणजे छान नव्हे, हे तीनदा सांगतो,
मास्कमध्ये थुंकून काच पुसता पुसता.
सगळे हो म्हणतात.
खाली गेल्यावर दहातले सात अंगठाच दाखवतात.

मालवणचा धक्का, मे महिना, साडेआठ वाजलेले.
किल्ल्याच्या पाठीमागे सतरा होड्या एकाच खडपावर,
जत्रेत पाळण्यापाशी लागते तशी रांग.
हेमू बिसलेरीच्या बाटलीत पाव कुस्करून भरतो.
बाटली दाबली की मासे येतात,
मासे आले की फोटो येतो.

त्या दिवशी नववा नंबर मंगळवेढ्याच्या पद्मिनी हेंबाडेंचा.
वय अठ्ठावन्न. मुलगा होडीतच राहिला,
त्याला पाण्याची भीती.
बाई म्हणाल्या, मी विहिरीत शिकलेय,
पाठीला वाळका भोपळा बांधून.
आमच्या विहिरीला सत्तावीस पायऱ्या आणि तळाला एक कासव.
तुमच्या समुद्राला किती पायऱ्या?
मी म्हटलं, बावीस फूट.
तोंडान श्वास घ्या, नाकान नाय.

टाकीची मान धरून मी त्यांना खाली नेलं,
मांजर पिल्लाला नेते तसं.
कपारीतून एक गोबरा तोंड काढून बसलेला,
दुपारी गिऱ्हाईक नसलेल्या वाण्यासारखा.
त्याला बघून बाईंनी अंगठा दाखवला.
नियम म्हणजे नियम. मी वर आणलं.

वर येताच रबर थुंकून त्या कडाडल्या,
अरे, आवडलं म्हणत होते मी!
हेमू हसता हसता पावासकट पाण्यात पडणार होता.
मग तोच घड्याळ दाखवू लागला, दहावा नंबर बसून होता.
पण टाकीत हवा शिल्लक होती.

या वेळी मी पलीकडे नेलं,
जिथे आमच्याच होड्यांचे नांगर पडून पोवळं मोडलंय,
आणि जे मोडलं नाही
ते यंदा पांढरं पडलंय, चुना फासल्यासारखं.
तिकडे आम्ही कुणाला नेत नाही, तिकडे फोटो येत नाही.
का नेलं, ठाऊक नाही.
बाईंनी हात पुढे केला. मी मनगट धरणार,
पण त्या शिवल्याच नाहीत.
वीतभर अंतरावर तळवा धरून थांबल्या,
तवा तापलाय का बघतात तसा.
बराच वेळ.
मग माझ्याकडे वळून पंजा हलवला.
मी नळी बघितली, काटा बघितला, त्यांचे डोळे बघितले.
सगळं नीट होतं.
त्यांनी पुन्हा हलवला,
दुसऱ्या हाताचं बोट पोवळ्याकडे.

संध्याकाळी बाबांना सांगितलं.
चाळीस वर्षं त्यांनी याच पाण्यात जाळी टाकली,
तळ एकदाही बघितला नाही.
आवशीच्या पोटात डोकावचा नाय, म्हणतात.
होडीच्या कागदावर त्यांचा अंगठा आहे,
निळा, थोडा फराटलेला.
ऐकून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं,
"पाणी गरम होता?"
"होय."
"मगे तिका कळला तां."
आणि जाळ्याची सुई पुन्हा हातात घेतली.

रात्री अकराला फोन वाजला.
मी फोटो पाठवले होते, गोबऱ्याबरोबरचे तीन.
उत्तरात शब्द नाही, पिवळा एक अंगठा.
मी सवयीनं वर बघितलं.
वर कौलं. त्यात काचेचं एक,
आणि त्यातून येणारा चांदण्याचा उजेड,
बावीस फुटांवरून दिसतो तसा.