उजेडाचं माप

शहापुरात माझा फोटो स्टुडिओ होता.
आता त्याच्या पुढच्या काचेत दोन फुटी टाकी आहे,
जिथं लग्नाचे अल्बम उघडे ठेवायचो तिथं.
गिऱ्हाईक येत नाही.
शाळा सुटली की पोरं येतात, काचेला नाकं लावतात.

चाळीस वर्षं मी तोंडांवर उजेड टाकला.
नवरीच्या नथीवर एक, केसांमागून एक,
पासपोर्टवाल्याला दोन्हीकडून सपाट.
म्हटलं, पाणवनस्पतींना काय, त्या तर हलतसुद्धा नाहीत.

खडेबाजारात मल्लेशीच्या दुकानात
मी बोट दाखवलं ते सगळ्यात मोठ्या दिव्याकडे,
नव्वद वॅट, जांभळट झाक.
"मामा, टाकीला लावताय की मांडवाला?
बेळक जास्ती आतंद्र पाची बरतैति."
उजेड वाढला की शेवाळ येतं, एवढं कानडी मला येतं.
ऐकलं, आणि तरी तोच घेऊन आलो.

पहिल्या दिवशी मासे दगडामागे गेले ते गेलेच.
अकराव्या दिवशी काच हिरवी,
पानांच्या कडांना काळी केसाळ झालर,
आणि लांब पात्यांचं ते गवत
धुतलेल्या निगेटिव्हसारखं आरपार.
ओव्हरएक्स्पोज.
हा शब्द मी किती शिकाऊ पोरांच्या डोक्यात टपली मारून घातला होता!

मग कपाटातला लाइट मीटर काढला.
चामड्याची पिशवी उसवलेली, काटा अजून जिवंत.
जांबोटीची बस धरली,
कारण झाडं तिकडचीच,
मल्लेशीचा मेहुणा ओल्या गोणपाटात गुंडाळून आणतो.
मलप्रभेला मिळणाऱ्या एका ओहोळात
भर बारा वाजता गुडघाभर उभा राहिलो.
वर जांभळीच्या फांद्या एकमेकींत अडकलेल्या.
मीटर पाण्याशी धरला.
काटा जरासा उचलला, खोकल्यासारखा,
आणि परत बसला.

म्हशी घेऊन आलेलं एक पोर काठावर थांबलं.
"काय मोजाय लागलाय ओ?"
"ऊन."
"मग हितं कशाला? माळावर जावा की."

खाली पानं मात्र तांबूस, भरलेली.
एका पानाच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा
फुगला, सुटला, वर आला.
जेवण चाललं होतं त्यांचं.
जेवणाऱ्याच्या तोंडावर कुणी बत्ती धरतं का?

परत येऊन दिवा बदलला.
मल्लेशीनं निम्मेच पैसे वळते केले, बरोबरच आहे.
अठरा वॅट, पांढरा, साडेसहा हजार केल्विन,
पाण्यापासून वीतभर वर टांगलेला,
खाली स्टुडिओतल्या छत्रीचं झिरझिरीत कापड.
टायमर दोन ते आठ.
मधे वीज गेली तर गेली,
ओहोळावरही ढग येतातच.
दुकान बंद करून मल्लेशी बघायला आला,
वाकला, बराच वेळ बोलला नाही.
"साकु?" मी विचारलं.
"साकु," म्हणाला. पुरे.
पण जाताना वळून म्हणालाच,
"लाल पानाच्याला थोडं कमी पडंल हं."

पडेल. बघू.

आज परत नाकं काचेला लागली आहेत.
"तात्या, मासेच दिसत नाहीत."
"थांब की जरा. डोळ्यांना वेळ दे."
डार्करूमचं दार लावल्यावर हेच म्हणायचो मी,
लाल बल्बखाली धडपडणाऱ्या नव्या पोराला,
आणि ट्रेमध्ये कुणाचं तरी कपाळ
हळूहळू वर यायचं.
"तो बघ एक! दगडाच्या अल्याड!"
मला अजून दिसलेला नाही.