पोचा

दिवसा मी दात करते.
चिंचवडला, स्टेशनमागच्या लॅबमध्ये,
कुणाची दाढ, कुणाचा सुळा,
कधी न पाहिलेल्या माणसांचे जबडे
पिवळ्या प्लास्टरमध्ये ओतते.
रात्री आकुर्डीच्या बंदिस्त गॅलरीत
त्याच हातांनी ट्रक.

म्हणजे अख्खा ट्रक नव्हे.
चोवीसाव्या हिश्श्याचं बॉनेट, मडगार्डं,
डिझेलची टाकी, स्टेपनीचा पिंजरा.
बाकीचं ज्याचं त्यानं जुळवावं.

सामान बोहरी आळीतलं.
रेझिन दोन बाटल्यांत, अ आणि ब,
तराजू सोनाराचा,
हवा ओढायला पाच लिटरचा जुना कुकर
(यात आता वरण लावायचं नाही,
हे घरात तीनदा सांगून झालंय).
साच्याभोवती कुंपण मुलाच्या ठोकळ्यांचं.
तो इंजिनिअरिंगला आहे, परत मागत नाही.

अ आणि ब भेटले की चार मिनिटं.
ढवळायचं, पण फेटायचं नाही.
एकाच कोपऱ्यातून ओतायचं, सुतळीएवढी धार,
म्हणजे बुडबुडे आपली वाट काढतात.
फोन वाजला तर वाजू दे.
पेला तळहाताला कोमट लागतो, मग गरम,
आणि मधासारखं आरपार दिसणारं ते
एका कडेनं सायीसारखं पांढरं होत जातं.
हजारदा पाहिलंय.
अजून बोलता येत नाही तेवढा वेळ.

मार्चमध्ये गुलाब मुलाणी आले,
निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतून, पत्ता विचारत.
एकतीस वर्षं एकच गाडी.
गूळ, कांदा, हळद,
एकदा तर सांगलीपर्यंत नुसत्या रिकाम्या बाटल्या.
गाडी भंगारात गेली, फोटो तीन उरले.
“नाक तेवढं करून द्या ताई,
मागचं नातू जोडेल.”

फोटोत डाव्या मडगार्डला पोचा होता.
मास्टर घडवताना मी तो घेतलाच नाही.
धंदाच तसा माझा,
खड्डा दिसला की भरायचा.
हजार नंबरच्या पॉलिशपेपरनं पाण्यात घासून
मडगार्ड असं केलं की बोट घसरावं.

मुलाणींनी चष्मा काढून खिशात ठेवला.
अंगठा फिरवला डावीकडे.
पुन्हा फिरवला.
“ही माझी न्हाई.”

मग सांगितलं, उभ्या उभ्याच.
खंबाटकी, बोगदा व्हायच्या आधीची,
ब्रेक तळाला गेलेला,
एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला डोंगर.
“दगडाला टेकवली. एवढंच गेलं.”
आणि क्लीनर?
“त्याचं पंक्चरचं दुकान हाय फुरसुंगीला.
पोरीचं लगीन झालं औंदा.”

किती खोल होता, मी विचारलं.
त्यांनी बोटाचं एक पेर दाखवलं.
पट्टी लावली: चोवीस मिलिमीटर.
चोवीसनं भागलं.
एक.
कोवळ्या दाढेतल्या किडीएवढा.

लॅबमधली सर्वांत बारीक बर आणली,
आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा
धड असलेल्या जागी मुद्दाम खड्डा पाडला.
हात थरथरला. ती थरथरही पोच्यात उतरली;
सिलिकॉन काहीच सोडत नाही,
साच्यावर माझ्या अंगठ्याच्या रेषासुद्धा आहेत.

तीस नगांनंतर साचा फाटतो.
पहिला मुलाणींना दिला. पैसे काढू लागले,
मी म्हटलं, मास्टर तुमचाच होता.
उरलेले गेले कोल्हापूर, नागपूर, बेळगाव,
ज्यांनी घाट पाहिला नाही अशा टेबलांवर.

बेळगावच्या पोराचा मेसेज आला:
माल छान आहे, बुडबुडा एकही नाही,
पण डावं मडगार्ड दबलंय.
पार्सलमध्ये झालं, की साच्यातच दोष?

दोन दिवस उत्तर सुचलं नाही.
मग लिहिलं: साच्यातच आहे.
पुटी हवी असेल तर पाठवते, फुकट.

अजून मागितली नाही त्यानं.