पिळा

सेलूच्या सरकारी दवाखान्यात जायचं
तर हातात काय न्यावं, यावर
घरात दोन दिवस खल.
डिंक महाग. अळीव कुणीतरी दिलेच असतील.
झबल्याचं माप चुकतं.
शेवटी खारकांची पुडी
आणि एसटीत घोकलेलं एक वाक्य:
अभिनंदन, लक्ष्मी आली.

वॉर्डाच्या दारातच आयाबाई म्हणाली,
तिसरी हाय. हळू बोला.
जणू आत कुणी गेलंय.

सत्वशीला झोपलेली, तोंड उघडं,
काखेत मूठभर लेकरू,
कपाळावर आठी
सातबारा तपासणाऱ्या तलाठ्यासारखी.

वैजनाथ मागं नळावर,
रात्रीची गोधडी धूत होता.
मला बघून उठला,
साबणाचे हात कुठं पुसावेत कळेना त्याला.
माझंही वाक्य
त्या फेसापाशी येऊन अडलं.

मग पुडी खिडकीत ठेवली
आणि गोधडीचं एक टोक धरलं.
दुसरं त्याच्याकडं.
तो एका अंगाला, मी दुसऱ्या,
पीळ देत राहिलो
पाणी निथळेस्तोवर.

रडती का चांगली? मी विचारलं.

लई, तो म्हणाला,
आन् पहिल्यांदा हसला.
सगळा वॉर्ड उठवती.